बिटाचा रस अन् पौषातलं लगीन

घाटंजी
१२ नोव्हेंबर २०२४

बेबीताई,

शीलाचा रामराम. नानाजींच्या पाया पडली म्हणून सांगजा, अन् सुरभीले आशीर्वाद.

पत्र पाहून हासू नका. फोन आहे, मले माहीत आहे. पण आमच्या घरात फोन म्हणजे गावपंचायत. मी तुमच्याशी बोलाले लागली की कपिलचे बाबा म्हणतात, "स्पीकर लाव." नाही लावला तर तुमच्या दर वाक्याले इचारतात, "काय म्हणते? काय म्हणते?" अन् लावला तर माझ्याआधी तेच उत्तर देतात. साखरपुड्यापासून आपण दोघी एकदा तरी धड बोललो का? तुमच्या पोरीची मी सासू होणार, माझ्या पोराची तुम्ही. आपली ओळख नको का व्हाले? म्हणून हे पत्र. फकिरा फळंभाजीवाला आमच्या घाटंजीच्या बाजारात बसते अन् तुमच्या बोरी अरबच्याबी. त्याच्या थैलीत टाकून देतो. त्याचा चष्मा हरवला आहे, त्याच्यानं वाचणं होत नाही, हे एक बरं आहे.

आता मुद्द्याचं. दिवाळीले कपिल तुमच्याकडे जे खोकं घेऊन आलता, ते उघडलं का? मी त्याले चांगलं बजावून सांगतलं होतं, साडी घे म्हणून. होणाऱ्या सासूले कोणी रस काढाची मशीन देते का? पण तो यवतमाळले इलेक्ट्रिकच्या दुकानात बसते, त्याले साऱ्या जगात तेवढंच दिसते. खरं सांगजा, मशीन चालू केली का फळीवर ठेवून वरून रुमाल टाकला?

लगीन आपण वैशाखातच पक्कं धरतो. तवरक कापूस, तूर सारं घरात येते अन् माणसाले जरा उसंत भेटते. तुमच्या मनात काही असन तर मोकळेपणानं लिहा.

तुमची होणारी विहीण,
शीला गावंडे


बोरी अरब
२१ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई,

बेबीचा नमस्कार. तुमचं पत्र मेथीच्या जुडीतून निघालं. मी भाजी निवडाले बसली अन् हातात तुमचं अक्षर आलं. घरात पत्र आलं म्हटल्यावर आमचे सासरे नानाजी चष्मा लावून उठून बसले, म्हणे, "कोण मेलं?" त्यांच्या हिशेबानं पत्र दुसऱ्या कशाले येतच नाही.

रुमाल टाकला होता, खोटं कायले बोलू. पण कपिलराव रोज सुरभीले इचारत, मशीन कशी आहे, मशीन कशी आहे. पोरगी बेजार झाली. मग काढली एकदाची. माय वो, ते काही सुरूच होईना! सुरभीच्या बाबानं बटन दाबलं, मशीनले दोन थापडा मारल्या. मग तांड्यावरून नेमसिंग वायरमनले बोलावलं. त्यानं आमचा बोर्ड खोलला, प्लग खोलला, वायर सोलली. शेवटी सुरभीनं मशीनच्या दोन्ही बाजूच्या कड्या कटकट लावल्या, अन् ते घर्रर्र करून असं सुरू झालं की मांजर जे पळालं ते सांजच्याले घरी आलं. कड्या लागल्याशिवाय ते चालतच नाही म्हणे. नेमसिंग चहाबी न पेता गेला.

वरच्या नळीत गाजर टाकाचं, दांड्यानं दाबाचं, समोरच्या तोंडातून रस येते अन् मागच्या डब्यात चोथा पडते. पहिल्या दिवशी मी समोर गिलास ठेवलाच नाही, सारा रस ओट्यावर. दुसऱ्या दिवशी गिलास ठेवला तर अर्ध्या गाजरावर लाईन गेली. संत्र सालीसकट टाकलं तर निरा कडू जहर. आता मले सारं जमते. संत्र सोलून बिया काढून टाकाचं, आलं बोटाच्या पेराएवढं, आवळ्याची बी आधी काढाची. मशीन थरथर करत ओट्याच्या कडेले येते, म्हणून खाली ओला फडका ठेवाचा. अन् काम झाल्याबरोबर आतली जाळी ब्रशानं धुवाची. राहू दिली की चोथा असा वाळते की खिळ्यानं खरडावं लागते.

चोथा फेकाले माझा जीव होत नाही. गाजराचा थालीपिठात टाकतो, बिटाचा कणकीत. पोळ्या गुलाबी पाहून सुरभीचे बाबा म्हणाले, "आज कोणता सण आहे?" उरलेला बकरी खाते.

आता नानाजींचं ऐका. पहिल्या दिवशी ते मशीनकडं पाठ करून बसले. "रस म्हणजे दवाखान्यातल्या माणसाचं काम. मी काय खाटेवर पडलो आहो?" त्यांची कवळी नेहमी डबीत. कच्चं गाजर खाऊन त्यांना किती वर्षं झाली कोणाले ठाऊक. मी मागं वळली तेवढ्यात माझ्याच गिलासातून घोट घेतला. आता सकाळी मशीनचा आवाज झाला की गिलास घेऊन पाटावर हजर. त्यात त्यांना बिटाचाच पाहिजे. सुरभी तर बीट पाहून नाक दाबते, ती संत्र्याचा पेते. नानाजी मात्र म्हणतात, "सुरभीच्या माय, अजून अर्धा."

तुमाले एक सांगतो, हासू नका. नानाजींच्या तोंडून मी लगीन होऊन आल्यापासून चांगला शब्द ऐकला नाही. भाजी बिघडली तर बोलतात, चांगली झाली तर चूप. चूप म्हणजे चांगलं, असं समजाले मी शिकली. पण परवा बिटाचा गिलास खाली ठेवून ते "हं" म्हणाले. त्या एका "हं"वर मी दिवसभर खूश होती.

वैशाख आमाले मंजूर आहे.

तुमची,
बेबी राऊत


घाटंजी
३० नोव्हेंबर २०२४

बेबीताई,

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हासत बसली, तर कपिलचे बाबा दारातून म्हणाले, "काय म्हणते?" मी म्हटलं, तुमचं नाव नाही त्यात, जा.

नेमसिंगवरून आठवलं, कपिलले मी सांगतलं. तो कपाळाले हात लावून म्हणे, "आई, कड्यांचं मी त्यांना दोनदा दाखवून आलतो." त्याले म्हटलं, तू दाखवलं तेव्हा ते तुले पाहून राह्यले होते, मशीनले नाही.

नानाजींसाठी एक युक्ती सांगतो. बिटाले मातीचा वास येते. त्यात अर्धं लिंबू पिळा, चिमूटभर काळं मीठ अन् भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका. मग पाहा, दोन गिलासाच्या खाली ऐकणार नाहीत. त्यांच्या "हं"चा पुढचा शब्द निघाला की मले कळवजा.

अन् एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. आपल्यात लपवाछपवी नको. माझं काय आहे, मले सारं चालते. पोळी करपली, पाहुणा उपाशी गेला, मांडवात भांडण झालं, सारं चालते. लपवलेलं नाही चालत. काहून, ते कधी निवांत भेटलो की सांगीन.

वैशाखातली तारीख काढाले भटजीले सांगून ठेवलं आहे.

शीला


बोरी अरब
१६ डिसेंबर २०२४

विहीणबाई,

उत्तराले उशीर झाला. कापसाची वेचाई सुरू आहे, सवड नाही.

एक मागणं आहे. लगीन वैशाखाऐवजी आधी घेता येईन का? म्हणजे लवकरच, संक्रांतीच्या आत. थोडक्यात करू, घरातल्या घरात. मांडव नको, बँड नको, जेवणाचं आम्ही पाहून घेऊ.

काहून ते इचारू नका. मले सांगता येत नाही.

सुरभी बरी आहे. आम्ही सारे बरे आहो. रस रोज काढतो, तुमच्या लिंबाची युक्ती चांगली लागू पडली.

बेबी


घाटंजी
२० डिसेंबर २०२४

बेबीताई,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. संक्रांतीच्या आत म्हणजे पौष लागते. पौषात कोण लगीन करते, बाई? भटजी सोडा, बँडवालाबी त्या महिन्यात पोरीच्या गावाले जाऊन बसते.

अन् मी इचारलं नव्हतं सुरभी बरी आहे का म्हणून. तुम्ही आपल्या मनानं लिहिलं. तिथंच मले खटकलं.

वरून फकिरा काय बोलला ते सांगतो. पत्र देताना म्हणे, "वहिनी, माझा जन्म फळंभाजी इकण्यात गेला. संत्र नेणारं घर पाहुण्याचं, गाजर नेणारं हौशी. पण दर बाजाराले थैलीभर बीट नेणारं घर म्हणजे आजाऱ्याचं. बोरीच्या तुमच्या विहीणबाईचं तोंड उतरलेलं होतं. मी इचारलं, एवढं बीट कोणासाठी? तर म्हणाल्या, रक्त कमी झालं, अन् डोळ्याले पदर लावला."

बेबीताई, मी सरळ इचारतो. सुरभीले काय झालं?

तुमाले म्हटलं होतं नं, कधी निवांत सांगीन म्हणून. आता निवांतपणा कुठला. माझी लहान बहीण आहे, पंचफुला. तिले फिट यायची. आमच्या आईबाबानं ते लपवून तिचं लगीन लावलं, असंच घाईघाईनं. सासरी महिन्याच्या आत तिले फिट आली, अन् दुसऱ्या दिवशी तिचा नवरा तिले पेटीसकट आमच्या अंगणात सोडून गेला. म्हणे, आजाराचं काही नव्हतं, दवा केली असती, पण तुम्ही आमाले फसवलं. पंचफुला आज गोळ्या खाऊन ठणठणीत आहे, शिवणकाम करते, माझ्यापेक्षा जास्त हासते. पण तिचं घर गेलं ते गेलंच. तिची ती अंगणातली पेटी मले अजून दिसते.

म्हणून मले सुरभीच्या रक्ताचा रिपोर्ट धाडा. काही असन तर सांगा, आपण मिळून दवा करू, मी मागं हटणार नाही. पण न सांगता पौषात पोरगी माझ्या घरात लोटली, तर हे लगीन मी होऊ देणार नाही. हे रागानं नाही, भेवानं लिहून राह्यली.

शीला


बोरी अरब
२४ डिसेंबर २०२४

शीलाताई,

विहीणबाई लिहाले हात वळला नाही.

माझ्या पोरीले रक्त कमी! काल दिवसभर ती पऱ्हाटीत होती, आम्हा साऱ्यांपेक्षा जास्त कापूस वेचला अन् गाठोडं डोक्यावर घेऊन घरी आली. वरून तुमच्या कपिलरावांसंग फोनवर हासत बसली. तुम्ही रिपोर्ट मागता? पोरगी काय बाजारातली म्हैस आहे का, दात पाहून घ्याले? फकिराले तर येऊ द्या पुढच्या बाजाराले, त्याच्या तराजूसकट त्याले पाहतो मी.

एवढं लिहून मी पत्र ठेवून दिलं होतं. मग पंचफुलाताईचं पुन्हा वाचलं. शीलाताई, तुमचं खरं आहे. लपवलं मी. पण सुरभीचं नाही, नानाजींचं. त्यांनी तुळशीवर हात ठेवून माझ्याकडून शपथ घेतली होती. आज ती मोडतो. पाप लागन ते मले लागन, पण माझ्या पोरीची पेटी कोणाच्या अंगणात यायले नको.

या महिन्याच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी नानाजींनी मले गोठ्याजवळ बोलावलं. तोंड पांढरंफटक. म्हणे, "सुरभीच्या माय, माझं आता काही खरं नाही. लघवीवाटे रक्त चाललं." औंदा आम्ही नवा संडास बांधला, त्याचं भांडं पांढरं, त्यात त्यांना लालभडक दिसलं. मी म्हटलं, दारव्ह्याले दवाखान्यात चला. तर म्हणे, "तिथं बाई डॉक्टर आहे, सुरभीच्या वयाची. तिले मी हे सांगू? त्यापरीस मरण बरं." सुरभीच्या बाबाले सांगतो म्हटलं तर म्हणे, "अमरले सांगू नको, ते रडते." अन् शेवटी म्हणाले, "एकच इच्छा आहे. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकून जाऊ दे."

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? रक्त चाललं तर ते भरलं पाहिजे. बिटानं रक्त वाढते हे तर लहान पोरालेबी माहीत. सकाळी दोन गिलास देत होती, आता सांजच्यालेबी दोन देतो. तुमच्या लिंबामिठानं बिचारे आवडीनं पेतात. पण काही थांबत नाही वो. जेवढं भरतो तेवढं जाते. उलट आताशा जास्तच लाल होऊन राह्यलं म्हणतात.

मरणाची तयारी चालली आहे त्यांची. देवसिंगसंग आमचं धुऱ्याचं भांडण, म्हणजे दोन वावरांच्या मधातल्या बांधाचं. त्या धुऱ्यावरच्या बाभळीपाई दोघं एकमेकाचं तोंड पाहत नव्हते. परवा नानाजी स्वतः तांड्यावर गेले अन् म्हणाले, "देवसिंग, बाभूळ तुझी." देवसिंग त्यांच्या गळ्यात पडून रडला म्हणतात.

अन् काल मी गिलास द्याले गेली तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "बेबी." शीलाताई, त्यांच्या तोंडून मी माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. "बेबी, तू आली म्हणून हे घर उभं राह्यलं. मी कधी बोललो नाही. बोलाले पाहिजे होतं." मी आत येऊन मशीन सुरू केली, रिकामीच. मशीन चालू असली की रडलेलं कोणाले ऐकू येत नाही.

आता तुमाले सारं माहीत आहे. लगीन ठेवाचं का मोडाचं, तुम्ही ठरवा.

बेबी


घाटंजी
२७ डिसेंबर २०२४, कपिलच्या हाती

विहीणबाई,

तुम्ही नका लिहू, मी लिहितो. विहीणबाई, विहीणबाई, विहीणबाई.

फकिराची वाट पाहाले जीव मानला नाही, म्हणून कपिललेच मोटारसायकलीवर धाडलं. फोन केला असता, पण ही गोष्ट स्पीकरवर बोलाची आहे का?

तुमचं पत्र मी आधी रडत वाचलं. गोठ्याजवळच्या गोष्टीवर आली अन् मले हासू सुटलं. नानाजींनी तुमचं नाव घेतलं तिथं पुन्हा रडली. कपिलचे बाबा पाणी घेऊन आले, त्यांना वाटलं मलेच काही झालं. रागावू नका, पूर्ण वाचा.

नानाजींले रक्त नाही जाऊन राह्यलं. बीट जाऊन राह्यलं.

कपिल पाच वर्षांचा होता तवाची गोष्ट. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं ताटभर बिटाची कोशिंबीर खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी असा ओरडला की मी त्याले उघडाच उचलून दवाखान्यात पळाली. डॉक्टरनं पाह्यलं, अन् पहिला प्रश्न काय इचारला? "काल काय खाल्लं?" काही माणसांच्या पोटात बिटाचा रंग जिरतच नाही, जसा गेला तसा बाहेर येते. तुम्ही म्हाताऱ्या माणसाले रोज चार चार गिलास पाजून राह्यल्या अन् वरून माझं लिंबू! मग काय पिवळं निघन? तुम्हीच रंग टाकता अन् तुम्हीच घाबरता. अन् अर्धा गुन्हा माझा, युक्ती मी सांगतली.

आता ऐका. बीट आजपासून बंद. गाजर द्या, संत्र द्या, आवळा द्या, पण बिटाले हात लावू नका. तीन दिवसांत साफ झालं तर ते बीटच होतं. साफ नाही झालं तर चौथ्या दिवशी मी स्वतः येतो अन् नानाजींले उचलून दवाखान्यात नेतो, तिथं बाई डॉक्टर असो का बुवा डॉक्टर. अन् साफ झालं तरी एकदा तपासून आणा. हे थट्टेत लिहिलं नाही.

रिपोर्टचं मी मागं घेतो. सुरभीले वाचून दाखवा अन् तिले सांगा, सासूनं लग्नाच्या आधीच माफी मागतली. म्हैस म्हटलं ते मले लागलं, लागालेच पाहिजे होतं.

कपिलले पत्रातलं काही माहीत नाही. त्याची लहानपणची गोष्ट सुरभीले सांगू नका. नाहीतर सांगा, लग्नानंतर कामी पडन.

तुमची विहीण,
शीला


बोरी अरब
३१ डिसेंबर २०२४

विहीणबाई,

साफ! दुसऱ्या दिवशी फिकं झालं, तिसऱ्या दिवशी एकदम साफ. नानाजी आतूनच ओरडले, "सुरभीच्या माय, साफ!" साऱ्या गल्लीनं ऐकलं. शेजारच्या बायका इचारून राह्यल्या, काय साफ झालं? मी म्हटलं, टाकी.

तुम्ही म्हटलं म्हणून दारव्ह्यालेबी नेलं. सुरभीच्या बाबाले सारं सांगावं लागलं, ते रडले, नानाजींचा अंदाज बरोबर होता. बाई डॉक्टरनं नीट तपासलं, म्हणे काही नाही, आजोबा, तब्येत चांगली आहे. नानाजींनी बिटाची सारी कहाणी तिले आपल्या तोंडानं सांगतली अन् येताना आमाले म्हणतात, "पोरगी हुशार आहे. तुम्ही मले आधीच काहून नाही आणलं?"

आता ते साऱ्यांवर चिडलेले आहेत. मशीनवर, माझ्यावर, तुमच्या लिंबावर. सगळ्यात जास्त बाभळीवर. काल काठी घेऊन तांड्यावर निघाले, बाभूळ वापस मागाले. तर दारातच देवसिंग भेटला, थैलीभर गाजरं घेऊन, आजारी माणसाले भेटाले म्हणून. आता अशा माणसाले काय म्हणणार? दोघं ओट्यावर बसले, मी मशीन लावली, दोन दोन गिलास पेले. देवसिंग जाताना म्हणे, "नानाजी, काही लागलं तर सांगजा." नानाजी आत येऊन म्हणतात, "बाभूळ लागत होती. पण आता कसं सांगू?"

अन् मी पुन्हा "सुरभीच्या माय" झाली. काल धीर करून इचारलं, "नानाजी, तुम्ही मले ते बोलले होते, ते?" इकडं तिकडं पाहून म्हणे, "कोणतं? ते बिटानं बोलाले लावलं."

विहीणबाई, बाभळीचं त्यांचं ते पाहोत, पण माझे शब्द मी काही वापस देत नाही.

सुरभीले तुमचं पत्र दाखवलं. तिचे डोळे भरले, मग कपिलरावांच्या कोशिंबिरीचं वाचलं अन् जमिनीवर लोळून हासली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले येजा. लगीन वैशाखातच.

तुमची विहीण,
बेबी


घाटंजी
१६ जानेवारी २०२५

विहीणबाई,

काल रात्री सुखरूप पोचलो. तुमच्या हातची तिळाची पोळी अन् गुलाबी कणकीची दशमी, दोन्ही संपल्या. कपिलच्या बाबानं वाटणीले कोणाले ठेवलं नाही.

आता मी तुमाले चुगली सांगतो. तुम्ही आत वाणाची तयारी करून राह्यल्या होत्या, तेव्हा नानाजी माझ्याजवळ सरकले. गिलास हातात, गाजराचा. मशीन घरघर करत होती म्हणून त्यांना वाटलं तुमाले ऐकू जाणार नाही. म्हणाले, "शीलाबाई, सुरभी जर तिच्या मायसारखी निघाली तर तुमचं घर तरलं समजा. बेबीसारखी बाई मी पाह्यली नाही." त्या दिवशी बीट नव्हतं त्यांच्या पोटात, मी पक्कं इचारून घेतलं. मग म्हणाले, "पण तिले सांगू नका."

मी हो म्हटलं. अन् घरी आल्याबरोबर हे पत्र लिहाले बसली. आपल्यात लपवाछपवी नाही म्हटलं म्हणजे नाही. नानाजींच्या समोर तुम्ही काही माहीत नसल्यासारखं करजा, त्यांची तेवढी मजा राहू द्या.

बेबीताई, तुमचं ते चूप म्हणजे चांगलं समजण्याचं मले रस्ताभर आठवत होतं. तुम्ही किती वर्षं त्या एका शब्दाची वाट पाह्यली, अन् तोबी भेटला कशानं, तर मरणाच्या भेवानं. म्हणून आज लिहून देतो. वैशाखात सुरभी आमच्या घरी आली की मी तिले पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारीन. भाजी चांगली झाली की चांगली म्हणीन, साऱ्यांसमोर, मोठ्यानं. बिघडली तरबी बोलीन, ते माझ्यानं राहवत नाही. पण चांगलं सांगाले मी मरायची वाट पाहणार नाही. तुम्ही हे पत्र जपून ठेवा, अन् मी इसरली तर माझ्यासमोर धरा.

तुमची विहीण,
शीला

ता. क. काल तुमच्याकडे मी हट्टानं बिटाचा गिलास पेली, लिंबू टाकून. आज सकाळी सारं माहीत असून मी अशी ओरडली, का सांगू! कपिलचे बाबा धावत आले अन् दाराबाहेरून इचारून राह्यले, "काय म्हणते? कोण काय म्हणते?" मी आतून सांगतलं, "बोरीचं बीट आलं आहे, तुमाले रामराम म्हणते."